वारा बघून घर घ्यावं

पोरी, दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा मॉरिशस ठरलंय, या खेपेला टूर कंपनी नाही आणि विहीणबाईही बरोबर येताहेत, हे तुझ्या आईकडून कळलं. तिकिटं काढलीत ते बरं केलंत. राहायची जागा मात्र अजून पक्की केली नसेल, तर दोन दिवस थांब आणि आधी हे वाच.

पहिल्या वेळी तुम्हाला सकाळी आठला बसमध्ये बसवून बेट दाखवलं. एक दिवस उत्तर, एक दिवस दक्षिण, एक दिवस बोटीचा. त्यात वाईट काही नाही, नव्यानं लग्न झालेल्यांना फोटो लागतात. ते फोटो आता आहेत. आता राहायला जा. आणि तिथे राहायचं, तर हॉटेलचे तारे मोजण्याआधी वारा कुठून येतो ते विचारायचं.

मॉरिशसवर वर्षाचा बराच काळ आग्नेयेकडून व्यापारी वारे येतात. बेट केवढंसं, लांबी सुमारे ६५ किलोमीटर, रुंदी ४५. मध्ये उंच पठार. समुद्रावरून ओल घेऊन आलेला वारा पूर्व किनारा ओलांडतो, पठारावर चढतो, क्युरपिप गावाला भिजवतो आणि पश्चिमेला उतरेपर्यंत कोरडा होतो. आपल्या घाटाचंच गणित, फक्त दिशा उलटी आणि सगळं पन्नास किलोमीटरच्या आत. त्यामुळे एकाच सकाळी क्युरपिपला छत्री उघडलेली असते आणि फ्लिक आँ फ्लाकच्या किनाऱ्यावर लोक सावली शोधत असतात. टूरवाले हे सांगत नाहीत, कारण त्यांना सगळीकडे जायचंच असतं. ज्यांना एका जागी बसायचंय त्यांनी मात्र हे आधी समजून घ्यावं.

जुलै-ऑगस्टमध्ये वारा सगळ्यात जोरात. त्या दिवसांत पूर्वेचा बेल मार, जाहिरातीतला तो पांढऱ्या वाळूचा लांब किनारा, बसण्यासारखा राहत नाही, वाळू पोटऱ्यांना टोचते. पतंगाच्या दोरीवर पाण्यावरून धावणाऱ्या तरुण मंडळींना तोच वारा हवा असतो, म्हणून ती नैर्ऋत्येला ल मॉर्नला जमतात. तुम्ही जाताय तोवर, ऑक्टोबर-नोव्हेंबरला, वारा पडू लागतो, पाणी कोमट होऊ लागतं आणि उन्हाळ्याचा दमटपणा अजून चढलेला नसतो. तेव्हा पूर्वही चालेल. तरी विहीणबाईंचे गुडघे आणि आठ वर्षांचं पोर बघता मी पश्चिम सांगेन. फ्लिक आँ फ्लाक, नाहीतर जरा वर वायव्येला त्रू ओ बीश किंवा माँ श्वाझी. पाणी शांत, तळ बराच लांबवर उथळ, आणि सूर्यास्त अंगणातच. ग्रां बेमध्ये घर घेऊ नका. दुकानं, हॉटेलं, रात्रीचा गोंधळ, सगळं तिथे आहे आणि तेच तुम्हाला नको आहे. एखादी संध्याकाळ जाऊन या.

पुढे कधी जाणार असाल तर एवढं ध्यानात ठेव. एप्रिल-मे छान, म्हणजे आपली शाळेची सुट्टीही जमते. जानेवारी ते मार्च वादळांचा काळ. तिथे चक्रीवादळाचे इशारे चार वर्गांत देतात आणि तिसरा वर्ग लागला की माणसांनी घराबाहेर पडायचं नाही, बसगाड्या बंद. जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांतून मोटारी वाहून गेल्या. तिथली घरं सिमेंटची, सपाट छपराची, डोळ्यांना रुक्ष दिसतात ना, त्याचं कारण १९६० चं ‘कॅरोल’ वादळ. पत्र्याची आणि लाकडाची घरं त्यात गेली, तेव्हापासून लोकांनी काँक्रीट धरलं. स्वस्त तिकीट फेब्रुवारीत का मिळतं हे आता जावईबापूंना कळेल.

आता घर. स्वयंपाकघर असलेलं घे, तळमजल्याचं घे, आणि ‘समुद्रदर्शन’ या शब्दाला भुलू नकोस. समुद्र गच्चीतून दिसण्यापेक्षा पायी पाच मिनिटांवर असणं आणि वाटेत हमरस्ता ओलांडायला न लागणं महत्त्वाचं. घरमालकाला तीन गोष्टी विचार. खिडक्यांना डासांची जाळी आहे का, किनाऱ्याच्या त्या भागात सुरूची झाडं आहेत का, आणि गच्चीवर पाण्याची टाकी आहे का. टाकीचं ऐकून हसू नकोस. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा तिथल्या कोरड्या दिवसांचा शेवट, धरणं उतरलेली असतात आणि काही भागांत नळाला ठरावीक तासच पाणी येतं. टाकी असली की तुम्हाला पत्ताही लागत नाही. नसली तर विहीणबाई सकाळी बादल्या भरत बसतील, आणि त्या भरतील म्हणजे भरतीलच, मी ओळखते त्यांना. डासांचं म्हणशील तर २००५-०६ ला त्या बेटावर चिकुनगुनियाची मोठी साथ येऊन गेली आहे. आपलं ओडोमॉस घेऊन जा आणि संध्याकाळी पोराच्या पायांना लाव.

तांदूळ, डाळ, हळद, जिरं, मोहरी यांचं ओझं नेऊ नका, तिथल्या सुपरमार्केटमध्ये सगळं मिळतं. गोडा मसाला आणि मेतकूट न्या, सीलबंद पाकिटात, आणि विमानतळावर विचारलं तर सांगा. ताजी फळं, भाज्या, कढीपत्त्याची डहाळी, बी-बियाणं काही बॅगेत टाकू नका. बेटाचं पीक जपतात ते लोक, आणि बरोबरच करतात. औषधांचं मात्र फार कडक आहे. विहीणबाईंच्या गोळ्या मूळ पाकिटातच राहू देत आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या शास्त्रीय नावानिशी घ्या. गुडघेदुखीची एखादी जोरकस गोळी असेल तर ती तिथे चालते का हे निघण्याआधी तपासा, झोपेच्या आणि वेदनाशामक गोळ्यांपैकी काहींना तिथे आधी परवानगी लागते. आणि ई-सिगारेट बरोबर न्यायची नाही. तिथे बंदी आहे.

पाण्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण तुम्ही दापोली-गुहागरची मंडळी स्वतःला समुद्राचे जाणकार समजता. आपल्याकडे पंचांग बघून, तिथी मोजून, भरती-ओहोटीच्या हिशोबानं पाण्यात उतरतात. तिथे हा हिशोब निरुपयोगी. भरती-ओहोटीतला फरक तिथे जेमतेम हातभर. तिथलं गणित प्रवाळाच्या भिंतीचं आहे. बेटाच्या बहुतेक सगळ्या बाजूंनी समुद्रात प्रवाळाची भिंत आहे, तिच्यावर लाटा फुटतात आणि आत लगूनमध्ये पाणी शांत राहतं. पण लाटांबरोबर भिंतीवरून आत आलेलं पाणी बाहेर जायला वाट शोधतं. भिंतीला जिथे खिंड असते तिथून ते ओढीनं निघतं. वर पाणी गुळगुळीत दिसतं आणि खाली ओढ असते. म्हणून अनोळखी किनाऱ्यावर पाय भिजवण्याआधी लांबवर नजर टाक. पांढऱ्या फेसाची रेघ जिथे तुटलेली दिसेल, पाणी गडद निळं असेल, तिथे खिंड आहे. त्या बाजूला पोहायचं नाही. शंका असेल तर होडीपाशी बसलेल्या कोळ्याला विचार, तो हातानंच दाखवेल.

नदी जिथे समुद्राला मिळते तिथे प्रवाळ वाढत नाही, गोडं पाणी आणि गाळ त्याला मानवत नाही. तामारेंच्या उपसागराला म्हणून भिंत तुटकी आणि लाटा मोठ्या. सर्फिंगवाल्यांना बरं, आपल्याला पाऊस पडून गेल्यावर तिथे गढूळ पाणीच मिळेल. आणि दक्षिणेला सुयाकजवळ ग्री ग्रीला तर भिंतच नाही. खुला महासागर कड्यावर आदळतो. तिथे जरूर जा, कड्यावर उभं राहून वारा खा, पण पाण्यात उतरायचं नाही, गुडघाभरसुद्धा नाही. पोराचा हात जावईबापूंच्या हातात हवा.

लगूनमध्ये दुसरी काळजी पायाखालची. दगडासारखा दिसणारा एक मासा असतो, स्टोनफिश म्हणतात, तळाशी पडून राहतो आणि पाठीचे काटे विषारी. समुद्री साळूही असतात, काळ्या काट्यांच्या. म्हणून चौघांनाही रबरी तळाचे पाण्यातले बूट. तिथे महाग पडतात, इथूनच घ्या. स्टोनफिशचा काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा. बर्फ लावायचा नाही, गरमच. रुग्णवाहिकेचा नंबर ११४, फोनमध्ये आताच टाकून ठेव. हे वाचून विहीणबाई घाबरल्या तर सांग, त्या बेटावर विषारी साप नाही, वाघ-बिबट्या नाही, जंगलात हवं तितकं फिरा. फक्त माकडं आहेत, गंगा तलावापाशी आणि ब्लॅक रिव्हरच्या घळीच्या कठड्यावर, आणि ती हातातली पिशवी ओढतात.

पोहायची वेळ सकाळची. दहा-अकरापर्यंत पाणी आरशासारखं, मग वारा उठतो आणि तळ दिसेनासा होतो. पोराला लांब बाह्यांचा पोहायचा शर्ट घाल. उन्हाचं क्रीम फासलं तर ते दर तासाला पुसलं जातं आणि सगळं प्रवाळावर जाऊन बसतं, त्यापेक्षा कापड बरं. मासे आणि प्रवाळ नीट बघायचं तर आग्नेयेच्या ब्लू बेला एक सकाळ काढा. तो संरक्षित सागरी उद्यानाचा भाग आहे. काचेच्या तळाची बोट मिळते, विहीणबाईंनाही न भिजता सगळं दिसेल. त्याच किनाऱ्याजवळ २०२० च्या जुलैत ‘वाकाशियो’ नावाचं जहाज प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्याचं तेल लगूनमध्ये आलं. तेव्हा गावकऱ्यांनी उसाच्या पाचटाचे लांब लोड शिवून, बायकांनी केस कापून देऊन, तेल अडवायला पाण्यात सोडले. बोटवाला गप्पिष्ट असेल तर त्याला त्याबद्दल विचार. तो काय सांगतो ते ऐकण्यासारखं असेल, आणि मग प्रवाळाला हात लावायचा नाही हे पोराला वेगळं सांगावं लागणार नाही. शंख, प्रवाळाचे तुकडे बॅगेत भरू नका, विमानतळावर काढून घेतात.

तिथून इल ओ झेग्रेत जवळ आहे. इल ओ सेर्फशी गल्लत करू नकोस. ते तुम्ही मागच्या वेळी पाहिलंत, बार्बेक्यू आणि केळ्याच्या आकाराच्या बोटीवाल्यांचं. हे छोटंसं बेट, २७ हेक्टरचं, तिथली मूळची झाडं आणि पक्षी पुन्हा वाढवण्यासाठी राखलेलं. मोठी कासवं वाटेत बसलेली असतात आणि गुलाबी कबूतर जवळून दिसू शकतं. वाटाड्याशिवाय सोडत नाहीत, जागा आधी राखावी लागते. डोडो गेला सतराव्या शतकात, पण तिथल्या ससाण्याची गोष्ट पोराला जरूर सांग. १९७४ मध्ये रानात अवघे चार ससाणे उरलेले माहीत होते. अंडी उचलून, पिल्लं हातानं वाढवून, परत रानात सोडून त्यांची संख्या शेकड्यांत नेली. डोडोचा सांगाडा बघायचा असेल तर तो पोर्ट लुईच्या संग्रहालयात आहे.

आता खाणं. हॉटेलातल्या बुफेच्या रांगा या वेळी नाहीत, देवाचे आभार. सकाळी बाजारात जाऊन गातो पिमाँ आणायचे. आपल्या डाळवड्याचीच भावंडं, वाटाण्याच्या किंवा हरभऱ्याच्या भिजवलेल्या डाळीचे, मिरची घातलेले, कागदाच्या पुडीत गरम. तिथले लोक ते लोणी लावलेल्या पावात दाबून खातात. दुपारी धोल पुरी. नाव पुरी, पण तळलेली नाही. पातळ पोळी, आत शिजवून वाटलेल्या डाळीचं कोरडं सारण, वर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोची रुगाय आणि चटणी, आणि नेहमी दोन-दोनच्या जोडीनं देतात. विहीणबाईंना बिनधास्त द्या. गाडीसमोर रांग मोठी असेल तीच गाडी निवडायची, हा नियम तिथेही लागू. नूडल्स मात्र विचारून घ्या, भाज्यांच्या म्हणाले तरी ऑयस्टर सॉस नाहीतर अंडं असू शकतं. मासे खाणाऱ्यांनी विंदाय चुकवू नये. तळलेला मासा मोहरी, हळद, व्हिनेगरमध्ये मुरवलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी जास्त लागतो. म्हणून एकदम जास्त आणून फ्रीजमध्ये ठेव. अननस रस्त्यावर कोरून, मिरची-मीठ लावून देतात. पोर्ट लुईच्या मंडईत आलूदा प्यायचा, आपल्या फालुद्यातला शेवया काढलेला अवतार, सब्जा भरपूर.

तुम्ही दिवाळीत तिथे असाल तर शेजारी डबा घेऊन येतील, ही खात्री बाळग. तिथे दिवाळीला सार्वजनिक सुट्टी असते आणि फराळ वाटायची पद्धत आहे. गातो पातात हे खास दिवाळीचं, रताळ्याच्या पारीत खोबऱ्याचं गोड सारण, करंजीसारखं मुडपून तळलेलं. रिकामा डबा परत करायचा नाही, हे तुला सांगायला नको. चार चकल्या इथून डब्यात नेलेल्या असू देत.

पोर्ट लुईला एकच दिवस द्या आणि कामाच्या दिवशी सकाळी लवकर जा. दुपारी गाव तापतं आणि संध्याकाळी सगळ्या मोटारी एकाच महामार्गावर येतात. गाडी घेऊन जायचा हट्ट करू नका. क्युरपिपपासून मेट्रो थेट राजधानीत उतरवते, विहीणबाईंना पायऱ्यांचा त्रास नाही. आप्रवासी घाट मागच्या वेळी बसच्या खिडकीतून दाखवला असेल. या वेळी आत जा, तासभर द्या. १८३४ पासून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं करारावर मजुरीला या बंदरात उतरली. बरीचशी कलकत्त्याहून भोजपुरी बोलणारी, मद्रासेहून तमिळ-तेलुगू, आणि मुंबईहून आपली, त्यात कोकणातली बरीच. जवळच गुलामगिरीचं संग्रहालयही आता झालंय. दोन्ही एकाच सकाळी बघितलं तर उसाचं शेत नंतर वेगळं दिसतं. २ नोव्हेंबरला मजुरांच्या आगमनाची सुट्टी असते, त्या दिवशी घाटावर सरकारी समारंभ आणि गर्दी, तेवढा दिवस सोडा. उरलेल्या वेळात कोदाँच्या धक्क्यावर ब्लू पेनी संग्रहालय आहे, १८४७ ची दोन टपाल तिकिटं बघायला. खरी तिकिटं प्रकाशानं विटू नयेत म्हणून दर तासाला थोडा वेळच दिवा लावतात, बाकी वेळ नकला. आत शिरताना वेळ विचारून घे, नाहीतर जावईबापू नकलेसमोर उभे राहून माना डोलावतील.

तिथल्या मराठी माणसांना भेटायची तुझी इच्छा आहे, असं आई म्हणाली. जरूर भेट, पण रीत सांभाळून. त्यांच्या घरात क्रिओल बोलतात. मराठी शाळेत शिकतात, देवळात, भजनात वापरतात, आणि काही म्हाताऱ्यांच्या बोलण्यात आपल्या आजीच्या वेळचे शब्द सापडतात. त्यांची मराठी दुरुस्त करायची नाही. ‘तुमचं मूळ गाव कुठलं, आडनाव असं कसं’ हे पहिल्या पाच मिनिटांत विचारायचं नाही. नोंद करणाऱ्या कारकुनानं बापाचं किंवा आज्याचं नाव आडनाव म्हणून लिहिलं, तेच पुढे चाललं. काहींना सगळं माहीत असतं, काहींना शोधायचंय. मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या जुन्या नोंदी आहेत आणि वंशज तिथे जाऊन शोध घेतात. गणेश चतुर्थी तिथे देशभर सुट्टीची. हेन्रिएट्टा गावात पहिला गणपती बसला तो १८९६ साली असं सांगतात. तुला कुणी जुना फोटो दाखवून ‘हे गाव ओळखता का’ म्हणालं, तर तेवढं मात्र मन लावून बघ.

रविवारी कुठेही जायचं नाही, किनाऱ्यावरच बसायचं. फ्लिक आँ फ्लाकच्या सुरूंखाली कुटुंबंच्या कुटुंबं पातेली, चटया, आजी, कुत्रा घेऊन येतात. दुपारनंतर कुणीतरी रावान काढतं, शेळीच्या कातड्याचा पसरट डफ, तो आगीवर शेकून ताणतात आणि मग सेगा सुरू होतो. गुलामांच्या वस्त्यांतून आलेलं हे गाणं-नाचणं, २०१४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. हॉटेलात रात्री जेवताना झगमगीत घागऱ्यांत दाखवतात तो सेगा पाहिलात मागे. हा वेगळा. बोलावलं तर जा, पाय वाळूतून फारसे उचलायचे नसतात, विहीणबाईंनाही जमेल. आणि कुठल्या हॉटेलचा रखवालदार ‘हा किनारा आमचा’ म्हणाला तर वाद न घालता पाण्याच्या कडेकडेनं चालत राहा. ओल्या वाळूवर मालकी कुणाची नसते.

उन्हाचा कंटाळा आला की वर चढा. किनाऱ्यापासून तासाभरात पठार, आणि तिथे शाल लागते, खोटं नाही सांगत. ब्लॅक रिव्हरच्या घळीचा देखावा, अलेक्झांड्रा धबधबा, दोन्ही जागा गाडीपासून चार पावलांवर. ब्वा शेरीच्या चहामळ्यात चहा चाखायला मिळतो. शामारेलची सात रंगांची माती पुन्हा बघायची गरज नाही, ती तशीच आहे. ल मॉर्नचा डोंगर चढायची जावईबापूंना हौस असेल तर त्यांना पहाटे एकट्यांना पाठव, वाटाड्याबरोबर. शेवटचा टप्पा हातापायांनी चढायचा आहे आणि उन्हात तो जीव काढतो. पळून आलेले गुलाम त्या कड्यांत लपून राहत, म्हणून तो जागतिक वारशात आहे. वर फोटो काढताना तेवढं लक्षात असू द्यावं.

गाडी भाड्यानं घ्याल तर पिवळ्या नंबरप्लेटची, भाड्याच्या गाड्यांची तीच खूण. रस्त्याची बाजू आपलीच, डावी. चौकातल्या गोलाकाराला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि तिथे खरंच देतात, हॉर्न वाजवत नाहीत. वेगाचे कॅमेरे आहेत. ऊसतोडणी जूनपासून डिसेंबरपर्यंत चालते, तेव्हा ट्रकच्या मागे अडकाल, अडका. जिथे ऊस उभा असतो तिथे वळणावर पलीकडचं काही दिसत नाही, रात्री तर त्या वाटेनं जाऊच नका. टॅक्सीचं भाडं बसण्याआधी ठरवायचं.

पैशांचं थोडक्यात. तिथला रुपया आपल्या जवळजवळ दोन रुपयांचा धर. फेब्रुवारी २०२४ पासून आपलं यूपीआय तिथे सुरू झालंय, पण धोल पुरीच्या गाडीवर त्याच्या भरवशावर जाऊ नकोस, सुट्टे ठेव. नोट हातात आली की पोराला तीवर देवनागरी शोधायला लाव. दुकानं लवकर बंद होतात, रविवारी दुपारनंतर फारसं काही मिळत नाही, म्हणून दूध-पाव शनिवारीच. दुकानात शिरताना आधी ‘बोंझूर’ म्हणायचं, मग भाव विचारायचा. न म्हणता थेट भाव विचारणं उद्धटपणा समजतात. मुंबईहून जाणाऱ्यांना हे जड जातं.

परतताना विमानतळ आग्नेयेला आहे हे विसरू नका. त्रू ओ बीशहून निघालात तर अख्खं बेट ओलांडायचं आहे, आणि वाटेत राजधानीची गर्दी. सकाळचं विमान असेल तर शेवटची रात्र माहेबुरला काढा. सोमवारी तिथे बाजार भरतो, विहीणबाईंना भाजीवाल्यांशी घासाघीस करू दे. भेटवस्तूंच्या दुकानांतल्या डोडोंवर पैसे घालवू नका, आमच्या घरी दोन आहेत. माझ्यासाठी चहा आण, ब्वा शेरीचाच, पण व्हॅनिला घातलेला नको. तो तुझ्या मावसोबांना आवडतो आणि मग सगळं घर आइस्क्रीमसारखं वास मारतं.